प्रीमेड देऊनही मांजराला गुंगी चढत नाही? तपासायला कुठून सुरुवात करायची

हे लिहितोय ते मुख्यतः नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या पशुवैद्यांसाठी आणि त्यांच्या असिस्टंटसाठी. मांजर पाळणाऱ्यांनी वाचायला हरकत नाही, पण खाली दिलेले डोस घरी वापरण्यासाठी नाहीत. त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे.

प्रीमेड म्हणजे भूल देण्याआधी जनावराला शांत करायला आणि वेदना कमी करायला टोचतात ती औषधं. आधी लक्षणं. सगळ्यांची तक्रार एकच असते, "प्रीमेड लागलं नाही." खोदून विचारलं की त्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी निघतात:

- इंजेक्शन देऊन वीस मिनिटं झाली, तरी मांजर उभं आहे, फिस्कारतंय, हात लावू देत नाही.
- शांत पडलेलं दिसतं, पण केस काढायचा क्लिपर लावला किंवा कॅथेटरसाठी पाय धरला की उसळतं.
- शांत होण्याऐवजी जास्तच बिथरलं. फेऱ्या मारतंय, ओरडतंय, एरवी गरीब असलेलं मांजर चावायला येतंय.
- लाळ गळतेय, उलट्या होतायत.
- गुंगी छान चढली, पण प्रोपोफोल (शिरेतून देऊन भूल सुरू करायचं औषध) नेहमीपेक्षा जास्त लागलं, चीर दिल्याबरोबर ठोके आणि श्वास वाढले, आणि उठताना मांजर आपटत-आदळत उठलं.

यातली पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा एकाच कारणाची असतात. तिसरं आणि चौथं औषधाच्या निवडीचं असतं. पाचव्याचा गुंगीशी फारसा संबंध नाही. तिथे वेदनाशामक कमी पडलेलं असतं. आपल्यासमोर यातलं नेमकं कोणतं आहे ते आधी ठरवा, कारण पहिल्याचा उपाय पाचव्याला चालत नाही.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. बाहुल्या मोठ्या झालेल्या दिसल्या म्हणून "मांजर जागं आहे" असं समजू नका. माणसात आणि कुत्र्यात मॉर्फिनसारख्या औषधांनी बाहुल्या बारीक होतात, मांजरात त्या मोठ्या होतात. केटामिन दिलं असेल तर डोळे उघडे राहणारच. त्यात डोळ्याचं मलम घाला म्हणजे बुबुळ कोरडं पडणार नाही. डेक्समेडेटोमिडिन किंवा झायलाझिन दिल्यावर हिरड्या फिकट होतात आणि ठोके कमी होतात, कारण बाहेरच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यामुळे जिभेवरचा पल्स ऑक्सिमीटरही कधीकधी आकडा दाखवत नाही. प्रोब जरा ओला करून दुसरीकडे लावून बघा, मग घाबरा.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखीच आहे, आणि ती सगळ्या तपासण्यांच्या आधी बघायची. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर पुढचं काही वाचू नका. ऑक्सिजन द्या, हाताळणी थांबवा, ऑपरेशन त्या दिवसापुरतं विसरा.

पहिली तपासणी: घड्याळ

फुकटची तपासणी आहे, तरी सगळ्यात जास्त वेळा इथेच उत्तर सापडतं. मला फोन येतो तेव्हा माझा पहिला प्रश्न "काय दिलं?" हा नसतो, "किती वाजता दिलं?" हा असतो. "झाली असतील पंधरा-वीस मिनिटं" असं उत्तर आलं की मी समजतो, वेळ लिहिलेली नाही. गजबजलेल्या ओपीडीत सहा मिनिटंही वीस वाटतात.

स्नायूत दिलेलं डेक्समेडेटोमिडिन किंवा मेडेटोमिडिन दहा ते वीस मिनिटांत चढतं. ब्युटोरफॅनॉलही साधारण तेवढ्यातच. ॲसेप्रोमाझिनला तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात, आणि घाई करून त्याचा वेग वाढत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम नीट यायला अर्धा तास तरी धरा, अनेकदा त्याहून जास्त. त्वचेखाली दिलं असेल तर आणखी उशीर, आणि परिणामाचा भरवसाही कमी. म्हणजे ॲसेप्रोमाझिन आणि ब्युप्रेनॉर्फिन अशी जोडी देऊन पंधराव्या मिनिटाला मांजर टेबलावर घेतलं, तर औषध हरलं नाही, आपणच आधी पोचलो.

हे महत्त्वाचं का, तर घाईत दुसरा डोस दिला की पहिला आणि दुसरा एकदमच चढतात. वर प्रोपोफोल नेहमीच्या हिशेबाने भरलेलं असतं. चांगलं प्रीमेड चढलं की प्रोपोफोलची गरज निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते. भरलेली सिरिंज सवयीने झटकन दिली की श्वास थांबतो. म्हणून प्रोपोफोल सावकाश, परिणाम बघत बघतच द्यायचं.

दुसरी तपासणी: खोली

औषध टोचल्यावर मांजर कुठे ठेवलं होतं? शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रं भुंकत होतं का? दर दोन मिनिटांनी कोणी "झालं का?" म्हणून टॉवेल उचलून बघत होतं का?

या तपासणीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक ती मनावर घेत नाहीत. डेक्समेडेटोमिडिन, मेडेटोमिडिन आणि झायलाझिन ही अल्फा-२ गटातली औषधं मेंदूत नॉरॲड्रेनॅलिनचं सुटणं कमी करून गुंगी आणतात. मांजर आधीच भेदरलेलं, झटापट करून दमलेलं असेल, तर त्याच्या शरीरात नॉरॲड्रेनॅलिन आणि ॲड्रेनॅलिन आधीच उसळलेलं असतं. मग औषध पुराविरुद्ध पोहत राहतं. डोस बरोबर, जागा बरोबर, व्हायल (औषधाची कुपी) ताजी, तरी मांजर उभंच. अशा वेळी डोस वाढवूनही फारसं काही हाती लागत नाही, कारण या गटाच्या औषधांना एक मर्यादा आहे. त्यापुढे गुंगी गहिरी होत नाही. ती फक्त लांबते, आणि हृदयावरचा ताण वाढतो.

उपाय साधा आहे. टोचायच्या आधी मांजर त्याच्याच कॅरिअरमध्ये, वर टॉवेल टाकून, मंद उजेडात दहा-पंधरा मिनिटं बसू द्या. कॅरिअरचं वरचं झाकण निघत असेल तर मांजराला बाहेर ओढू नका. झाकण काढा, टॉवेलमधूनच टोचा. मान धरून लोंबकळवणं बंद करा. टोचल्यावर पुन्हा झाकून ठेवा आणि वीस मिनिटं कोणीही हात लावू नका. लांबून श्वास मोजत राहा, एवढंच. "लक्ष ठेवा" आणि "त्रास द्या" यातला फरक असिस्टंटला एकदा समजावून सांगितला, की निम्मी प्रकरणं तिथेच संपतात.

अर्धवट गुंगीत उसळणाऱ्या मांजराचंही उत्तर बहुधा हेच. अल्फा-२ ची गुंगी वरवर गाढ दिसली तरी अचानक आवाजाने किंवा स्पर्शाने मांजर जागं होऊ शकतं, आणि जागं झालेलं मांजर सरळ चावतं. क्लिपर दुसऱ्या खोलीत चालू करून मग जवळ आणा.

तिसरी तपासणी: औषध आत गेलं का, आणि कुठे गेलं

मांजराची पाठ बोटांनी चाचपून बघा. केस ओले लागले तर प्रश्न मिटला. मांजर वळलं, सुई त्वचेतून आरपार गेली आणि औषध टॉवेलने प्यायलं. किती वाया गेलं ते नक्की सांगता येत नाही, हीच अडचण. "थोडंसंच सांडलं" या अंदाजावर पूर्ण डोस परत द्यायचा नाही.

सांडलं नसेल तर जागा विचारा. कमरेच्या मणक्यालगतचा जाड स्नायू किंवा मांडीचा पुढचा स्नायू चांगला. मांडीच्या मागच्या बाजूला सायटिक नस जाते, तिथे मी टोचत नाही. लठ्ठ मांजरात तोकडी सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही. औषध चरबीत बसतं आणि तासभर झिरपत राहतं. इन्सुलिन सिरिंजची सुई बारीक असल्याने मांजराला कळत नाही, हे खरं. पण ती तोकडीही असते. सडपातळ मांजराला चालेल, सात किलोच्या बोक्याला नाही.

केटामिन आम्लधर्मी असल्याने स्नायूत झोंबतं. त्यामुळे मिश्रणाचा अर्धा भाग जाईपर्यंत मांजर निसटतं. टोचणाऱ्याला वाटतं सगळं गेलं. सिरिंजमध्ये काय उरलंय ते कचऱ्यात टाकण्याआधी बघा.

चौथी तपासणी: हिशेब

आता कागद घ्या. मांजराचं वजन आज केलं होतं का, की मालकांनी सांगितलेलं धरलं? चार किलोच्या मांजरात एक किलोची चूक म्हणजे पंचवीस टक्के. कॅरिअरसकट वजन करून रिकाम्या कॅरिअरचं वजन वजा करायला एक मिनिट लागतं.

मग व्हायलवरची तीव्रता मोठ्याने वाचा. खरी गंमत इथे आहे. चार किलोच्या मांजराला डेक्समेडेटोमिडिन किलोला १० मायक्रोग्रॅम द्यायचं, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅमची व्हायल असेल तर ते ०.०८ मिलि होतात. मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅमची असेल तर ०.४ मिलि. दुसऱ्या व्हायलमधून सवयीने ०.०८ मिलि काढलं, तर मांजराला एक पंचमांश डोस मिळतो आणि ते उभं राहतं. उलट झालं तर पाचपट जातं. मेडेटोमिडिन मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं असतं आणि त्यातला निम्माच भाग कामाचा. म्हणून ते आणि ०.५ चं डेक्समेडेटोमिडिन मिलिलिटरमध्ये सारखंच भरतं. मिलिग्रॅमचा तक्ता मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

ब्युटोरफॅनॉलमध्येही तेच. किलोला ०.३ मिलिग्रॅमने चार किलोला १.२ मिलिग्रॅम. मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या व्हायलमधून ०.१२ मिलि, पण २ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधून ०.६ मिलि. झायलाझिन २० आणि १०० अशा दोन तीव्रतांत येतं, दुसरी मोठ्या जनावरांसाठी. ती मांजरांच्या ट्रेमध्ये दिसताच कामा नये. मिडाझोलम १ आणि ५, केटामिन ५० आणि १००. नवा साठा आला की तक्ता आधी बदलायचा, मग जुना खोका फेकायचा.

इन्सुलिन सिरिंजचा स्वतंत्र घोळ आहे. यू-१०० सिरिंजवर ०.०८ मिलि म्हणजे ८ युनिट. यू-४० सिरिंजवर ८ युनिट म्हणजे ०.२ मिलि, म्हणजे अडीचपट. "आठ युनिट भर" असं तोंडी सांगणं बंद करा. मिलिलिटर सांगा आणि सिरिंजवर मिलिलिटरच्या खुणा आहेत का ते बघा.

आणि सुईच्या बुडाशी उरणारं औषध. ०.०८ मिलि भरलं, मग बोथट झाली म्हणून सुई बदलली. नवी सुई आतून रिकामी आहे. तिची पोकळी भरण्यातच डोसचा मोठा भाग खर्च होतो आणि मांजरापर्यंत फार थोडं पोचतं. दोन औषधं एकाच सिरिंजमध्ये भरताना उलटा प्रकार होतो. पहिल्या औषधाने भरलेली सुईची पोकळी दुसरं औषध ओढताना सिरिंजमध्ये रिकामी होते आणि पहिलं औषध हिशेबापेक्षा जास्त जातं. कुत्र्यात हे खपून जातं, मांजरात नाही. अगदी छोटं आकारमान असेल तर निर्जंतुक सलाइनने पातळ करून, लेबल लावून, मोजायला सोपं करून घ्या.

लठ्ठ मांजरासाठी हिशेब चरबीशिवायच्या अंदाजे वजनावर करायचा. सात किलोच्या मांजराचं अंगचं वजन पाच असेल, तर पाचावर.

पाचवी तपासणी: व्हायल

लोक सुरुवात इथून करतात, मी पाचव्या नंबरवर ठेवतो. खराब व्हायल हे कारण असतं, पण क्वचित. मुदत बघा, उघडल्याची तारीख झाकणावर लिहिलेली आहे का बघा, रंग बदललाय का, गाळ आहे का बघा. ॲसेप्रोमाझिन आणि मिडाझोलम उजेडात ठेवू नयेत. डायझेपाम दुसऱ्या औषधांबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळलं की गढूळ होतं, आणि स्नायूत दिलं तर दुखतंही आणि शोषणही बेभरवशाचं. मांजराला स्नायूत द्यायचं तर मिडाझोलम.

व्हायलवर शंका असेल तर सोपी कसोटी आहे. त्याच व्हायलमधून त्या आठवड्यात दुसऱ्या जनावरांना दिलं तेव्हा काय झालं? त्यांना चढलं असेल तर व्हायल निर्दोष.

सहावी तपासणी: औषधाची निवड

वरचं सगळं बरोबर असेल, तरच औषध बदलण्याचा विचार करा.

तिसरं लक्षण, म्हणजे बिथरलेलं मांजर, दिसलं की मी आधी विचारतो, "एकटं मिडाझोलम दिलं का?" तरुण, धट्टंकट्टं मांजर एकट्या मिडाझोलमने शांत होईलच असं नाही. उलट त्याचा संकोच सुटतो आणि ते अंगावर येतं. तेच मिडाझोलम केटामिनबरोबर किंवा ओपिऑइडबरोबर (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक) छान काम करतं, आणि म्हाताऱ्या किंवा आजारी मांजरात तर आधाराचं ठरतं. एकटं ॲसेप्रोमाझिन रागावलेल्या मांजराला पुरत नाही. ते वेदनाही कमी करत नाही, रक्तदाब उतरवतं आणि त्याला उतारा नाही. एकटं ब्युप्रेनॉर्फिन वेदनेवर चांगलं, पण त्याने मांजर झोपेल ही अपेक्षाच चुकीची.

निरोगी मांजरासाठी माझी नेहमीची जोडी डेक्समेडेटोमिडिन आणि एक ओपिऑइड अशी असते. किलोला ५ ते २० मायक्रोग्रॅम डेक्समेडेटोमिडिन, मांजराच्या स्वभावानुसार. सोबत ब्युटोरफॅनॉल ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, किंवा ब्युप्रेनॉर्फिन ०.०१ ते ०.०३, किंवा मेथाडोन ०.२ ते ०.५. फारच आक्रमक असेल तर त्यात केटामिन किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम. जोडीत प्रत्येक औषध थोडं थोडं लागतं, म्हणून दुष्परिणामही विभागले जातात.

उलट्यांचं कारण बहुधा झायलाझिन, डेक्समेडेटोमिडिन किंवा मॉर्फिन असतं. मांजराला मुद्दाम उलटी करवायची असेल तर झायलाझिन किंवा डेक्समेडेटोमिडिनच वापरतात, यावरून समजा. तासभर आधी किलोला १ मिलिग्रॅम मारोपिटंट त्वचेखाली दिलं तर उलट्या बऱ्याच कमी होतात. ते झोंबतं, पण फ्रीजमधलं गार असताना दिलं तर कमी झोंबतं. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनने उलट्या सहसा होत नाहीत.

आता पाचवं लक्षण. ब्युटोरफॅनॉलने गुंगी सुरेख येते आणि तिथेच फसगत होते. त्याचा वेदनाशामक परिणाम सौम्य आणि तास-दोन तासांचा. तपासणीला, एक्स-रेला ठीक. मोडलेल्या हाडाला किंवा दात काढायला ते पुरेसं नाही, मांजरीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनलाही मी त्याच्या एकट्याच्या भरवशावर जात नाही. तिथे मेथाडोन किंवा निदान ब्युप्रेनॉर्फिन, आणि जमेल तिथे लिडोकेनचा ब्लॉक, म्हणजे ती जागा बधिर करणारं इंजेक्शन. मांजरात लिडोकेन एकूण किलोला ४ मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नका, बुपिवाकेन २ च्या पुढे नाही, आणि बुपिवाकेन शिरेत कधीच नाही. बोक्याच्या नसबंदीत वृषणात थोडंसं लिडोकेन सोडलं की वृषणाची दोरी ओढताना ठोके उसळत नाहीत. सगळ्यात स्वस्त वेदनाशामक हेच, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारंही.

उठताना मांजर आपटत असेल तर वेदना की भ्रम, हे वेगळं करा. जखमेच्या आजूबाजूला हळुवार दाबा. वेदना असेल तर प्रतिक्रिया त्या जागेची असते. भ्रम असेल तर मांजर कशानेच स्थिरावत नाही, जखमेला हात लावा नाहीतर शेपटीला. फेलाइन ग्रिमेस स्केलमध्ये, म्हणजे चेहऱ्यावरून मांजराची वेदना मोजायच्या पद्धतीत, कान, डोळे, तोंडाची ठेवण, मिशा आणि डोक्याची ठेवण यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायची वेळ आली. मांजर पूर्ण गुंगीत असताना हे गुण धरू नका.

अतिपामेझोल (अल्फा-२ औषधांचा उतारा) देऊन मांजर लवकर उठवणाऱ्यांसाठी दोन सूचना. त्याने गुंगीबरोबर डेक्समेडेटोमिडिनचा वेदनाशामक भागही उतरतो, म्हणून दुसरं वेदनाशामक आधी अंगात असू द्या. आणि केटामिन दिलं असेल तर निदान अर्धा-पाऊण तास थांबा, नाहीतर ताठरलेलं, भ्रमिष्ट मांजर हाती येईल. नेहमीच्या ५ मिलिग्रॅम तीव्रतेचं अतिपामेझोल ०.५ च्या डेक्समेडेटोमिडिनच्या निम्म्या आकारमानाने, स्नायूत.

सातवी तपासणी: मांजर स्वतः

खर्चिक तपासण्या इथून पुढे. दहा वर्षांपुढचं, खाऊनही वाळत चाललेलं, सतत अस्वस्थ मांजर नेहमीच्या डोसला दाद देत नसेल तर थायरॉइड तपासा. त्याचे ठोके आधीच धावत असतात, त्यात केटामिन टाकू नका.

हृदयाचा प्रश्न अधिक फसवा. वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांमध्येही सुमारे १५ टक्क्यांत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार) सापडते, आणि मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) प्रत्येकात ऐकू येतोच असं नाही. मर्मर, घोड्याच्या टापांसारखा ताल किंवा अनियमित ठोके ऐकू आले तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन पुढे ढकला आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. लघवी तुंबलेला बोका हाही वेगळा रुग्ण. मांजरात केटामिनचा बराच भाग मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतो, शिवाय पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. तिथे आधी रक्त तपासायचं, प्रीमेड नंतर.

आधीपासूनची वेदना हेही कारण असतं. मोडलेल्या पायाचं मांजर गुंगीच्या औषधाला दाद देत नाही, कारण त्याला झोप नको, दुखणं थांबायला हवंय. आधी ओपिऑइड द्या, अर्धा तास थांबा, मग गुंगीचं काय ते ठरवा.

दुसरा डोस द्यायचा का?

वेळ पूर्ण गेली, खोली शांत होती, औषध आत गेल्याची खात्री आहे, हिशेब दोनदा तपासला, हृदय ठीक आहे. हे सगळं असेल तर एकदाच द्या. अल्फा-२ च्या पहिल्या डोसचा निम्मा, किंवा केटामिन किलोला २-३ मिलिग्रॅम. पुन्हा पूर्ण वेळ थांबा. तिसरा डोस नाही. ऑपरेशन तातडीचं नसेल तर मांजर घरी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी गॅबापेंटिन (भीती कमी करणारं तोंडाने द्यायचं औषध) देऊन बोलवा. मांजराला पेटीत घालून आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू सोडणं हा लोकांचा आवडता शॉर्टकट आहे, मला तो पटत नाही. मांजर आणखी भेदरतं, श्वासमार्ग आपल्या ताब्यात नसतो आणि खोलीतले सगळे तो वायू हुंगतात.

ठोके कमी झाले म्हणून डेक्समेडेटोमिडिनवर सवयीने ॲट्रोपिन मारू नका. रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना हृदयाला चाबूक मारल्यासारखं होतं. रक्तदाब चांगला असेल तर बघत राहा. ठोके मिनिटाला १०० च्या खाली आणि रक्तदाबही पडत असेल तर अतिपामेझोल.

मांजर ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी

तुमच्या हातात दोन-तीनच गोष्टी आहेत, पण मोलाच्या. डॉक्टरांना गॅबापेंटिनबद्दल विचारा. निरोगी मोठ्या मांजराला बहुधा ५० ते १०० मिलिग्रॅम, दवाखान्यात निघण्याआधी दोन-तीन तास देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी, म्हणून डोस डॉक्टरच ठरवतील. माणसांसाठीचं पातळ औषध परस्पर आणू नका, काहींत झायलिटॉल असतं. मोठ्या मांजराचं खाणं साधारण चार ते सहा तास बंद, पाणी मात्र बंद करायचं नाही. पिल्लांना इतकं उपाशी ठेवत नाहीत, डॉक्टर सांगतील तसं करा. कॅरिअर आठवडाभर आधी घरात उघडा ठेवा.

आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला त्याचं विष उतरवता येत नाही, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही नको. दिलं गेलंच असेल तर लपवू नका, लगेच दवाखाना गाठा. मेलॉक्सिकॅम पशुवैद्य सांगतील तेवढंच, मोजून. उरलेली बाटली पुढच्या वेळी वापरायची नसते.

घरी आणल्यावर पहिले तीन तास मांजराला एकटं सोडू नका. ब्रिटनमधल्या २००८ सालच्या मोठ्या अभ्यासात भुलेशी संबंधित मांजरांच्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांच्या आसपास भूल संपल्यानंतर झाले होते, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. मांजर उठत नाही, अंग गार पडलंय, श्वास विचित्र वाटतोय, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

पशुवैद्यांसाठी माझी रेघ अशी आहे. तोंड उघडून श्वास, निळसर जीभ, मर्मर किंवा अनियमित ठोके, पोटॅशियम वाढलेला तुंबलेला बोका, दुसऱ्या डोसनंतरही उभं असलेलं मांजर, किंवा आधीच्या भुलेत बिघडलेलं मांजर. यातलं एकही असेल तर भुलेचा जास्त अनुभव असलेल्या सहकाऱ्याला किंवा जिथे ऑक्सिजन, रक्तदाबाचं यंत्र आणि रात्रभर माणूस आहे अशा दवाखान्याला फोन लावा.

फोन लावण्याआधी हे कागदावर असू द्या: आजचं वजन, प्रत्येक औषधाचं नाव, व्हायलवरची तीव्रता, मिलिलिटर, दिल्याची वेळ, जागा, आत्ताचे ठोके, श्वास, तापमान आणि रक्तदाब. तीव्रता आणि वेळ कोणी न विचारता सांगितली, तर बहुतेक वेळा उत्तर फोनवरच मिळतं.